सुरय पक्ष्यासाठी डिंकाचा लाडू
तुपात डिंक फुलल्याचा वास मला सुरतेत बसून पार पलीकडच्या कामरेज गावापर्यंतचा येतो. यात अतिशयोक्ती असलीच तर चार-दोन मैलांची, पण त्या वासाबरोबर सुरतेजवळच्या, समुद्रकाठच्या हजीऱ्याची जी दुपार येते ती पुरती खरी आहे. भावाच्या क्वार्टरमागे, खाडीकाठच्या उघड्या वाळूत, सुरय नावाच्या बारक्या समुद्रपक्ष्याच्या मादीने पिल्लू काढलं होतं. ऊन असं की वाळूवर पापड भाजावेत. ती समुद्रावर जाई, चोचीत मासा आणी, पिल्लाला भरवी, की पुन्हा उडे. माझ्या हिशेबाने रोज द्वारकेला जाऊन येत असावी. नुकतीच बाळंत झालेली वहिनी खिडकीतून बघत म्हणाली, "भाऊजी, किती वाळली हो ती. बाळंतिणीला असं कुणी उपाशी ठेवतं का?" "तिच्या सासरी कळवतो," मी म्हणालो. वहिनी हसली नाही. आपल्या वाट्याचा डिंकाचा लाडू तिने कुस्करून पिल्लाजवळ ठेवला. मादीने त्याकडे पाहिलंही नाही. कावळे मात्र उतरले, आणि लाडू संपल्यावर त्यांनी पिल्लू उचललं. आम्ही धावेपर्यंत वाळू रिकामी होती. थोड्या वेळाने मादी मासा घेऊन आली आणि त्या जागेवर घिरट्या घालत राहिली. मासा काही गिळेना. घरात बाळ रडायला लागलं तेव्हा वहिनीने त्याला पदराखाली घेतलं आणि बाहेर बघत हळूच म्हणाली, "आता तरी तू खा गं." तेच बाळ आता स्वतः आई झालंय. वहिनी तिच्यासाठी लाडू वळतेय, आणि चवीला दिलेला तुकडा मी अजून हातातच धरून बसलोय.