चुन्याची फुली नसलेला कोपरा

शुक्रवार, सकाळचे पाच वाजून चाळीस मिनिटं. पाळी सहाला सुरू होते, पण शालिकराम खाली खाणीत कामाला लागलेला आहे. डोक्यावर कारबाईडचा दिवा, हातात सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, खिशात चुन्याची डबी. तो छतावर सब्बल मारतो, थांबतो, एक पाऊल पुढे सरकतो आणि पुन्हा मारतो.

बालाघाट जिल्ह्यात, भरवेलीच्या पलीकडे मँगनीजच्या ज्या लहान खाणी आहेत, त्यांतली ही एक. छत ठोकून झाल्याशिवाय इथे कोणी कामाच्या जागी पाय ठेवत नाही. आवाज म्हणजे हादराच. तो लाटेसारखा पुढे पुढे सरकत जातो. खडक अखंड असेल तर घावाची लाट खोलवर निघून जाते आणि कानाला आखूड, खणखणीत आवाज मिळतो. आत भेग असेल तर लाट भेगेशी अडते आणि मागे फिरते. भेगेखालची चीप सैल पत्र्यासारखी हलते, आवाज बद्द येतो. बद्द वाजेल तिथे शालिकराम चुन्याची फुली मारतो. ती चीप पाडेपर्यंत किंवा तिला टेकू देईपर्यंत फुलीखाली कोणी उभं राहत नाही.

हा १९६७चा डिसेंबर आहे. दिवाळीपासून शालिकरामला सगळंच छत बद्द ऐकू येतं.

छत ठोकायच्या कामावर येण्याआधी त्याने अनेक वर्षं खडकात भोकं पाडायचं ड्रिल मशीन चालवलं. अशा गोंगाटात कानातून आधी जातात ते बारीक, उंच, खणखणीत आवाज. जाडेभरडे शिल्लक राहतात. ट्रकची घरघर, खाणीचा भोंगा, माणसांचं बोलणं शालिकरामला पूर्वीसारखंच ऐकू येतं. त्यामुळे हा माणूस बहिरा होतो आहे, असं कोणाच्या मनात आलं नाही. त्याच्याही मनात आलं नव्हतं. मग एका संध्याकाळी कॉलनीच्या रस्त्यावर मागून सायकल येऊन त्याच्या पोटरीला लागली. सायकलवर टिकाराम होता, शालिकरामच्या बायकोचा धाकटा भाऊ. त्याच पाळीत आता ड्रिल तोच चालवतो.

"भाऊजी, घंटी वाजवून वाजवून माह्या अंगठा दुखला. सडक का आंदण भेटली तुम्हाले?"

"वाजवलीच नाही तू."

टिकारामने तिथेच उभं राहून पुन्हा घंटी वाजवली. शालिकरामला त्याचा अंगठा हलताना दिसला, एवढंच.

"हौ," तो म्हणाला. "आता वाजली."

घरी बायकोने, अनुसयाने, वेगळी परीक्षा घेतली. तो जेवत असताना ती पाठीमागे उभी राहिली आणि हातातल्या काचेच्या बांगड्या खळखळवल्या. त्याने मान वळवली नाही.

"मेटले सांगून टाका," ती म्हणाली.

"सांगून काय? वर पाठवतीन मले. बायकांसंगं माल निवडत बसू म्हन्तं?"

"काहून, आम्ही बसतो तर आमचे हात झिजले का?"

पाळीचा मेट, म्हणजे कामगारांवरचा माणूस, घनश्याम. त्याला कारण ठाऊक नव्हतं, पण परिणाम दिसत होता. नोव्हेंबरात शालिकरामने एका दिवसात इतक्या फुल्या मारल्या, की सगळी टोळी अर्धी पाळी छतावर घाव घालत राहिली. खडा पडला नाही.

"शालिकराम," घनश्याम सगळ्यांदेखत म्हणाला, "तुह्या कानानं तर पुरा बालाघाट जिल्हाच पोकळ आहे." लोक हसले. घनश्याम हसला नाही. "अजून एक झूठी फुली पडली, तर सीधा ऊपर. मस्करी नाही करून राह्यलो."

तेव्हापासून शालिकराम कानावर विसंबत नाही. उजव्या हाताने सब्बल मारतो आणि डावा तळवा छताला चिकटवून ठेवतो. अखंड खडक हाताखाली मुका राहतो. सैल चीप असेल तर बोटांना मुंग्या येतात. कान गेला तरी लाट हाताला कळते. हे त्याने अनुसयाला सांगितलं, आणि तिचा जीव भांड्यात पडला.

पण हात पोचायला छत जवळ लागतं. मँगनीजचा थर पूर्वेच्या कोपऱ्यात वर चढत गेला आहे आणि तिथे छत दोन पुरुष उंच आहे. शिडी मंगळवारी मोडली. आता लोखंडी टोकाचा लांब बांबू वापरायचा, आणि बांबू निम्मा हादरा स्वतःच गिळतो. दिवा वर धरला तर उजेड तिथवर पोचेपर्यंत पसरून फिका होतो; ओल्या खडकावरची प्रत्येक रेघ भेगेसारखी दिसते.

शालिकराम कोपऱ्यात तीनदा ठोकतो. तिन्ही वेळा बद्द.

टोळीच्या पुढे घनश्याम एकटाच येतो. "काय म्हन्ते छत?"

"कोपऱ्याले सिडी लागते."

"काहून? बांबू आहे ना."

या प्रश्नाला शालिकरामपाशी उत्तर आहे. तो ते देत नाही. "हात लावून पाहाव म्हटलं."

"सिडी सोमवारी. बैहरहून बांबूचा ट्रक आला की बनते. फुली आहे का नाही, तेवढं बोल."

शालिकरामचा हात खिशातल्या डबीवर आहे.

"नाही," तो म्हणतो.

त्या कोपऱ्याखाली टिकाराम पाळी संपेपर्यंत ड्रिल चालवतो. मशीनचा हादरा खडकात शिरतो, वर छतात जातो. शेवटी भोकांत दारू भरतात आणि माणसं दूरच्या वळणामागे जाऊन उभी राहतात. स्फोट आधी तळपायांना कळतो, मग कानांना. खडकातून लाट हवेपेक्षा कितीतरी वेगाने येते. तीच लाट कोपऱ्यातल्या छतातूनही जाते. तिथे भेग असेल, तर अशा प्रत्येक लाटेनिशी ती थोडी लांबते. धूर ओसरल्यावर शालिकराम वर बघतो. छत जागेवर आहे.

रात्री टिकाराम बहिणीकडे जेवायला येतो. लाखोळीची डाळ आणि भात.

"उद्या कुठं आहे तुह्यं काम?" अनुसया विचारते.

"तिथंच, कोपऱ्यात. भाऊजीनं आज फुलीच नाही मारली. मले वाटलं, चुना खाऊन टाकला तंबाखूसंगं."

तो हसत हात धुवायला बाहेर जातो. अनुसया नवऱ्यासमोर येऊन बसते, तोंड दिसेल अशी.

"तिथं हात लावून पाह्यला ना तुम्ही?"

"हौ," शालिकराम म्हणतो.

ती उठून भांडी गोळा करते. बाहेर टिकाराम सायकलवर बसतो आणि बहिणीला निरोप म्हणून वळणापर्यंत घंटी वाजवत जातो. दारात उभी राहून ती ऐकते. शालिकराम तिच्याकडे बघून अंदाज करतो, की घंटी अजून वाजते आहे.

उद्या शनिवार. पाळी सहाला सुरू होईल. पूर्वेच्या कोपऱ्यात ड्रिल टिकाराम चालवेल. शिडी सोमवारी यायची आहे.