बेसिनमध्ये गेलेल्या गोळ्या

इस्त्रीवाल्या काकूंनी जन्मात दारूचा थेंब चाखला नव्हता, तरी लिव्हरचा कॅन्सर त्यांनाच झाला. तरुणपणीची कावीळ आत दबा धरून बसली होती, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. गाठ कापण्यापलीकडे गेली होती. मग त्यांनी नव्या उपचाराच्या एका चाचणीबद्दल सांगितलं. रोजची गोळी गाठीचा रक्तपुरवठा तोडते, ते औषध जुनंच. जोडीला सलाइनमधून दुसरं दिलं, तर शरीराची स्वतःची फौज जागी होऊन जास्त फरक पडतो का, ते बघायचं होतं. निम्म्या लोकांना दोन्ही, निम्म्यांना नुसती गोळी.

"म्हणजे चिठ्ठ्या टाकणार?" काकूंनी विचारलं.

"कॉम्प्युटर टाकतो."

"बरं झालं. मी काढलेली चिठ्ठी आजवर कधी लागली नाही."

या वेळी लागली. दोन्ही औषधं मिळाली आणि अंगातला जीवच कुणीतरी पिळून काढला. दुकानाच्या पायऱ्या चढल्या की काकू स्टुलावर बसून राहायच्या. तळहात लाल झाले, मग सोलवटले. इस्त्रीची मूठ धरवेना. काका निवृत्त पोस्टमन. त्यांनी इस्त्री हातात घेतली आणि एका वकिलाच्या कोटाची पाठ जाळली.

"अहो, तुम्ही पत्रंच वाटा," काकू म्हणाल्या. हसायलाही दम लागत होता.

दुकान काकूंनी उभं केलेलं. ते असं डोळ्यांदेखत बसताना बघवेना. त्या एक दिवसाआड गोळी बेसिनमध्ये सोडू लागल्या. काकांनाही पत्ता नव्हता. तळहात बरे होत आले. हॉस्पिटलमध्ये खरं सांगितलं तर चाचणीतून नाव काढतील, या भीतीनं त्या म्हणायच्या, "सगळं वेळेवर घेते."

पुढच्या स्कॅनमध्ये गाठ आकसलेली दिसली. डॉक्टरीणबाईंचा चेहरा फुलला. "काकू, पूर्ण डोस इतका छान सोसणारं दुसरं कुणी नाही. सगळ्यांना तुमचंच उदाहरण देते मी."

बाहेर बाकावर एक टॅक्सीवाला बसला होता. त्याचीही तीच औषधं. पायांना फोड आल्यानं मापापेक्षा मोठ्या चपला घातलेल्या.

"तुम्हाला कसं झेपतं हो काकू?" तो म्हणाला. "बाई तुमचं नाव सांगतात. मीच बहुतेक नाजूक. क्लच दाबताना डोळ्यांत पाणी येतं, पण दात-ओठ खाऊन घेतोय पूर्ण गोळी."

काकांनी रिक्षा बघायला पाऊल उचललं, तशा काकू उठल्या आणि परत आत गेल्या. गोंधळलेले काका मागोमाग.

"बाई, निम्म्या गोळ्या मी बेसिनमध्ये टाकल्या," काकू उभ्या-उभ्याच म्हणाल्या. "माझं उदाहरण कुणाला देऊ नका."

डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. काकूंचे हात जवळ ओढून तळवे बघितले.

"डोस कमी करायची सोय नियमातच आहे, काकू. हात दाखवले असते तर मीच केला असता."

"मला वाटलं, नाव काढाल."

"नाव राहील. पण हे सगळं मला लिहावं लागेल."

"लिहा. आणि त्या बाहेरच्या माणसाचे पाय बघा आधी."

घरी जाताना काका रिक्षात बाहेर तोंड करून बसले होते. शेवटी म्हणाले, "बेसिनला कॅन्सर झाला होता का गं?" आणि काकूंचा हात धरला, फार दाबला नाही.

काकूंचा डोस उतरवला, टॅक्सीवाल्याचाही. त्याच्या पायात मापाच्या चपला आल्या. काकूंची गाठ वर्षभर होती तेवढीच राहिली. मग वाढू लागली आणि दोन्ही औषधं थांबवली.

"माझा काही उपयोग झाला का?" काकूंनी शेवटच्या भेटीत विचारलं.

"आत्ता सांगता येणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. खोटं बोलायचं त्यांच्याही जिवावर आलं असावं. "चाचणीत अजून बरीच माणसं यायची आहेत."

"येऊ देत सावकाश," काकू म्हणाल्या आणि खुर्चीतच त्यांचा डोळा लागला. काका त्यांना जाग येण्याची वाट बघत शेजारी बसून राहिले.