तोंड मिटलेले दहा फोटो

झुंबर मूळचा नांदगावचा. नाशिकला आला तो लग्नाच्या शूटिंगपायी, आणि पंचवटीत एका जिन्याखालच्या खोलीत आम्हा दोघांचा स्टुडिओ सुरू झाला. कॅमेरा माझ्याकडे, मिक्सिंग त्याच्याकडे. बोलायला फटकळ आणि कामात महाकिचकट. नवरदेवाचा फेटा वाकडा दिसला तर मंगलाष्टकं थांबवायलाही हा गडी कमी करत नसे.

सत्त्याण्णव साली आम्ही कॉम्प्युटर घेतला. त्यात मॉर्फिंगचा प्रोग्राम होता, म्हणजे एका चेहऱ्याचा हळूहळू दुसरा चेहरा करायचा. नवरीचा लहानपणीचा फोटो डावीकडे, लग्नातला उजवीकडे. दोन्हींवर ठिपके द्यायचे: डोळ्यांचे कोपरे, नाकाचं टोक, ओठांची कड. इकडच्या प्रत्येक ठिपक्याला तिकडे जोडीदार हवा. शिकवायला कोणी नव्हतं. पहिल्याच खटाटोपात विंचूरच्या एका नवरीचं नाक गालावर फिरून आलं आणि आम्ही पोट धरून हसलो. महिनाभर डोकं घातल्यावर झुंबरला त्यातली गोम कळली. दोन्ही फोटो अगदी समोरून हवेत, उजेड सारखा हवा, आणि तोंड मिटलेलं हवं. एकात ओठ मिटलेले आणि दुसऱ्यात दात दिसत असले, की बदलताना मध्येच ओठ फाटल्यासारखे दिसतात.

मग त्याच्या डोक्यात खूळ शिरलं. त्याची एकुलती एक पोर, संजना, तेव्हा पाच वर्षांची होती. "हिच्या लग्नाला मी दर वर्षाचा एक चेहरा जोडणार. पाचापासून थेट नवरीपर्यंत," तो म्हणायचा. दर वाढदिवसाला तेच स्टूल, मागे तोच निळा पडदा, केस मागे बांधलेले. बाहेर केक ताटकळलेला आणि ही नव्या फ्रॉकमध्ये पुतळ्यासारखी बसलेली.

"पप्पा, थोडंसं हसू?"

"नाय हसायचं. दात दिसले का फाटतं."

चिडला की तो लगेच नांदगावचा व्हायचा. पोरीला अशी सवय जडली की कुठलाही कॅमेरा समोर आला की ओठ मिटायची. शाळेच्या ग्रुप फोटोतसुद्धा तशीच. एरवी मात्र सदा खिदळत असायची. सायकलवरून पडून पुढच्या दाताचा टवका उडाला होता, हसली की तो आधी दिसायचा.

दोन हजार सहाला ती चौदाची झाली. तोवर आमच्याकडे डिजिटल कॅमेरा आला होता. झुंबर फोटो काढत असताना मी त्याच्या पाठीमागून वेडंवाकडं तोंड केलं आणि पोरगी फसकन हसली. बटण नेमकं तेव्हाच दाबलं गेलं. काय सुंदर फोटो आला होता!

"गेला वाया," झुंबर म्हणाला.

"असू दे की. छान आलाय."

"कार्डात उगा जागा कशाला अडवायची?" म्हणत त्याने तो उडवला आणि तोंड मिटलेला दहावा फोटो काढला. कॅमेरा माझा होता. मी हिसकावून घ्यायला हवा होता, पण मी नुसता हसलो.

त्याच वर्षी, दिवाळीच्या तोंडावर, चार दिवसांच्या डेंग्यूने संजना गेली.

तेराव्यानंतर भिंतीवर फोटो लावायची वेळ आली. झुंबरची बायको, मीनावहिनी, एवढंच म्हणाल्या, "हसणारा लावा." झुंबरने कपाट उपसलं, जुन्या कॅसेटी उलट्यापालट्या केल्या. एकही सापडला नाही. मग तो कॉम्प्युटरपुढे बसला. दहाव्या फोटोवर ठिपके देऊन ओठांचे कोपरे वर ओढले, गाल जरा फुगवले, डोळे किंचित बारीक केले. दात कुठल्याशा नवरीच्या फोटोतून आणून बसवले. तीन दिवस तो त्यावरच बसून होता. काम इतकं सफाईदार होतं की मला ते बघवेना.

चौथ्या दिवशी त्याने वहिनींना स्टुडिओत आणलं. त्या पडद्याजवळ वाकल्या.

"हे दात कोणाचे?"

वहिनींनी पडद्यावर बोट ठेवलं.

"तिचा दात तुटका होता ना हो."

त्याने कीबोर्डवर डोकं टेकलं आणि हंबरडा फोडला. इतकी वर्षं तो तुटका दात त्याच्या घरात हसत होता, आणि दाखवायला एकही फोटो नव्हता. मीही रडलो.

शेवटी दहावा फोटोच फ्रेम करून लावला.

गेल्या महिन्यात मी कॅमेऱ्याचा स्टँड आणायला त्याच्या घरी गेलो. झुंबर शूटिंगला वणीला गेला होता. दार उघडंच होतं. मीनावहिनी माझ्याकडे पाठ करून, पदराने फोटोची काच पुसत होत्या. मी हाक मारणार, तेवढ्यात त्यांचा आवाज आला.

"हस गं आता. पप्पा घरात नाहीत."

मी स्टँड न घेताच परत फिरलो. झुंबरला हे सांगायची अजून हिंमत झालेली नाही.