पाण्यात उभं राहून खायचे कमलगट्टे

मी आज बँकेत खुर्चीवर बसतो, ते गयानावाल्या काकूंमुळे. जबलपूरजवळच्या रांझीच्या फॅक्टरी क्वार्टरमध्ये सगळे त्यांना याच नावाने ओळखत. इस्त्रीची साडी, मोत्यांच्या कुड्या, आणि तशाच फाटकात उभ्या राहून त्या कमळाचा हिरवा छत्ता फोडायच्या. आतला एकेक कमलगट्टा, म्हणजे कमळाचं कोवळं बी, दातांनी सोलायच्या, मधला कडू कोंब नखाने उडवायच्या आणि दाणा तोंडात टाकून डोळे मिटायच्या. शेजारणी म्हणायच्या, "काय हे, पूजेची वस्तू रस्त्यावर उभ्याने खातात!" काकू डोळे न उघडता म्हणायच्या, "देवाला दिले, आता माझी पाळी."

काकूंची पणजी बिहारमधून उसाच्या मळ्यावर मजुरीला म्हणून गयानाला गेली होती. काकू तिथेच जन्मल्या, नर्सिंग शिकायला लंडनला गेल्या आणि तिथे भेटलेल्या नागपूरकडच्या इंजिनियर काकांशी लग्न करून रांझीत आल्या. मराठी काकांकडून इथेच शिकल्या, त्यामुळे ती आमच्यासारखीच नागपुरी वळणाची होती. कोणी म्हणालं, "तुम्ही तर आपल्याच देशात परत आल्या," की त्या हसून म्हणत, "देश पणजीचा. जीभ माझी तिकडचीच आहे ना."

ती जीभ त्यांना स्वस्थ बसू देत नसे. बोरं, चिकू, कमरखाची आंबट फळं, जांभळं, सगळं बाजारातून आणायच्या, चाखायच्या आणि ती चव नाही म्हणून मान हलवायच्या. रविवारी टोरोंटोहून त्यांच्या बहिणीचा व्हिडिओ कॉल यायचा. दोघी म्हाताऱ्या लहानपणीच्या झाडांची नावं घेऊन भांडायच्या. बहीण डीप फ्रीजमधलं कुठलंसं फळ कॅमेऱ्यासमोर धरायची. काकू मला मराठीत म्हणायच्या, "फ्रीजमधलं फळ म्हणजे फळाचा फोटो. पाहून घे आणि ठेवून दे."

आम्ही भंडाऱ्याकडचे ढीवर, मासे आणि तळ्यांवर जगणारे. रांझीच्या पुढे एका गावात बाबांनी तळं ठेक्याने घेतलं आहे. त्यात शिंगाडा आणि कमळ. काकूंकडे छत्ते पोचवायला मी जात असे. एकदा त्यांनी माझं इंग्रजीचं पुस्तक उघडून वाचायला लावलं आणि मग रोजच बसवू लागल्या. "काहून रे, अभ्यास करून राहिला की झोपून राहिला?" हे मी बी.कॉम. होईपर्यंत ऐकलं. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजचं तोंड कोणी पाहिलं नव्हतं.

या सगळ्याच्या बदल्यात त्यांनी एकच गोष्ट मागितली. गयानातल्या त्यांच्या गावी उसाच्या शेतांमधून पाण्याचे चर होते. पोरी कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून कमलगट्टे खात. "बाहेर आणले की अर्धी चव पाण्यातच राहते, बेटा. मला तुझ्या तळ्यावर ने. एकदा पाण्यात उभी राहून खाते."

मी दर वर्षी काहीतरी सांगत राहिलो. रस्ता खराब आहे. पाणी फार आहे. जळवा आहेत. जळवा होत्याच, पण कारण त्या नव्हत्या. लंगोट लावून पाण्यात उभे असलेले बाबा, मातीची एक खोली, पत्र्याआडचं न्हाणीघर, हे काकूंनी पाहू नये असं मला वाटे.

काका गेले. टोरोंटोत राहणारी त्यांची मुलगी काकूंना न्यायला आली. निरोपाला मी सराफ्यातून चांदीच्या तारेत ओवलेली कमलगट्ट्यांची जपमाळ घेऊन गेलो. तळ्यावर न नेता भागवायची ही तोड चांगली सुचली म्हणून खूशही होतो. काकूंनी एक मणी बोटांनी दाबून पाहिला. दगडासारखा. "अरे, ही तर जपायची," त्या म्हणाल्या, "मला खायचे होते." मग माझा चेहरा पाहून पटकन म्हणाल्या, "चलो, दात तरी वाचले." मुलगी हसली.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. तिथल्या गयानावाल्यांच्या देवळात कोणीतरी कमलगट्ट्यांची गोठवलेली पाकिटं आणली होती. म्हातारी माणसं एकेक दाणा प्रसादासारखा वाटून घेत होती, आपापल्या गावच्या पाण्याबद्दल बोलत होती. "मी सगळ्यांसमोर सांगितलं," काकू म्हणाल्या, "जबलपूरला माझा मुलगा आहे, त्याच्या बापाचं कमळाचं तळं आहे. सगळे माझ्याकडे वळले रे. एक म्हातारा म्हणाला, नशीबवान आहे तो पोरगा."

बँकेत मला कोणी विचारलं, वडील काय करतात, की मी म्हणायचो, शेती. फोन ठेवल्यावर मी आईबाबांशी बोललो आणि हे पत्र लिहिलं.

"काकूंना सा. न.

श्रावण संपता संपता या. तेव्हा पाणी कमरेइतकं असतं आणि छत्ते भरलेले असतात. रस्ता खराब नाही, पूर्वीही नव्हता. उतरायचं आमच्याच घरी. घर एका खोलीचं आहे. आई म्हणते, 'बाईंना बसवू कुठं? खुर्ची नाही.' मी म्हटलं, त्या बसायला येत नाहीत, उभ्या राहायला येतात. तरी ती शेजारून खाट आणणार आहे.

साहेबांना रजा मागताना सांगितलं, वडिलांच्या तळ्यावर काम आहे. ते म्हणाले, 'अच्छा, तुमचं तळं आहे?' म्हटलं, ठेक्याचं आहे जी, वडील शिंगाडा आणि कमळ लावतात. त्यांनी कमलगट्टे आणायला सांगितले आहेत.

जळवा खरंच आहेत. बाबा मीठ घेऊन काठावर थांबतील. ते म्हणतात, बाईंना एकटं पाण्यात सोडायचं नाही, तू उतर. नोकरी लागल्यापासून मी पाण्यात पाय घातलेला नाही. तळाचा गाळ कुठं किती खोल आहे, हेही आता मला आठवत नाही. तेव्हा पाण्यात तुम्ही माझा हात धरून ठेवा."