आबांची बाग आणि वसंताचा कॅमेरा

वडीगोद्रीत कुणाच्या टीव्हीवर चित्र येईना, कुणाच्या फोनात खरखर व्हायला लागली, की एकच नाव निघायचं: वसंता खरात. माणूस मूळचा आष्टीचा, पण फाट्यावर दुकान टाकून वीस-बावीस वर्षं झालेली, तेव्हा इथलाच म्हणायचा. दुकान म्हणजे चार पत्र्यांची खोली. आत वायरींची भेंडोळी, उघडे पडलेले रेडिओ, आणि त्यात मान घालून बसलेला वसंता. त्याचं एक ठरलेलं बोलणं होतं. गिऱ्हाईक कितीही तणतणत आलं, तरी हा शांतपणे म्हणायचा, "आडवं काय येऊन राह्यलं, ते पाहू."

त्याचे वडील भिवा यांच्या वाट्याला गावकीचं काम होतं. गावात कुणी मेलं की पाच-पाच कोस चालत जाऊन पाहुण्यांना सांगावा द्यायचा आणि अंगणाबाहेरूनच माघारी फिरायचं. छप्पन साली धर्मांतर झालं आणि भिवाने ते काम टाकलं, ते टाकलंच. "बापाचंच काम तू तारेनं करून राह्यला," असं एकदा कुणीतरी वसंताला गमतीने म्हणालं. वसंता असा बिघडला की त्या माणसाचा टेपरेकॉर्डर सहा महिने दुरुस्त झाला नाही. आणि त्याचं काही चुकलं नाही. बापावर ते काम लादलेलं होतं, याने आपलं आपण निवडलं होतं.

जालन्याला मस्तगडात एका रेडिओवाल्याच्या हाताखाली तो दोन वर्षं राबला आणि चौऱ्याऐंशीच्या सुमाराला गावोगाव अँटेना उभे करत हिंडायला लागला. तो काळ ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको. एक माणूस माळवदावर दांडा फिरवतोय, एक अंगणात, एक टीव्हीपुढे, आणि तिघांची बोंबाबोंब चाललीय: "आलं का?" "न्हाई!" "आता?" "आल्तं, गेलं!" ज्या घरांचा उंबरा वसंताला ओलांडता येत नव्हता, त्या घरांच्या डोक्यावर तो बिनधास्त उभा राहायचा. चित्र आलं की सगळं घर टीव्हीपुढे गोळा व्हायचं आणि शिडी कुणीतरी काढून नेलेली असायची. अशा वेळी त्याने चार-दोनदा मुद्दाम दांडा हलवून चित्र घालवलंही होतं. शिडी ताबडतोब यायची.

धर्मराज आबांच्या घरचा अँटेनाही त्यानेच बसवला. पहिल्या साली आबांनी चहा ओट्यावरच दिला. पुढे कधीतरी आत बोलावलं. कधी, ते दोघांनाही आठवत नाही, किंवा आठवत नाही असं दोघंही म्हणतात. नंतर आबांच्या घरी फोन आला, कॉर्डलेस आला, केबल आली, आणि प्रत्येक वेळी वसंता आला. आबा मोसंबीवाले. तीनशे वीस झाडं त्यांनी स्वतः खड्डे खांदून लावलेली. वसंता काम संपवून निघाला की ते त्याला बागेत न्यायचे आणि झाडं दाखवायचे, जशी काही ती पहिल्यांदाच दाखवतायत.

दोन हजार आठच्या दिवाळीआधी आबा ट्रॉलीवरून पडले. खुबा गेला. डॉक्टरांनी सळई घातली, पण चालणं संपलं. जीपमध्ये घालून बागेत न्यायचं म्हटलं, तर ओढ्याच्या वाटेने बसणाऱ्या दणक्यांनी माणूस कळवळायचा. बाग घरापासून पाऊण किलोमीटरवर, आणि आबा खाटेवर.

त्यांचा मुलगा कचरू हायवेवर बी-बियाणं आणि खतांचं दुकान चालवायचा. वाईट नव्हता तो. पण सकाळी सातपासून गिऱ्हाईक, आणि बागेची त्याला कधी गोडी लागलीच नव्हती. कार्तिकात त्याने वसंतासमोरच बापाला सांगून टाकलं, "आबा, यंदाचा बहार धरला तर धरला. न्हाई तर जूनच्या आत झाडं काढतो अन् कापूस लावतो. मला दुकान सोडून बागंत बसता येत न्हाई. जेसीबीवाल्याला बोलून ठेवलंय मी."

कचरू दुकानात गेल्यावर आबांनी वसंताचं मनगट धरलं. "ताण द्यायचे दिवस आहेत रे. पाणी तोडलंय. आता पानगळ किती झाली, ते रोज पाह्यलं पाह्यजे. आठ दिवस आधी पाणी सोडलं तर कळी न्हाई, आठ दिवस उशीर झाला तर झाड जायचं. बागंतल्या गड्याला, रखमाजीला, इचारलं तर तो म्हणतो, बराबर हाय आबा. आग लागली तरी त्याचं बराबरच असतंय. मला माझ्या डोळ्यांनी पाह्यचंय."

मोसंबीचं हे असंच असतं. झाडाला दीड-दोन महिने तहानलेलं ठेवायचं, अर्धी पानं गळू द्यायची, आणि नेमक्या दिवशी पाणी द्यायचं. मग ते फुलतं. तो नेमका दिवस पुस्तकात नसतो, तो बघणाऱ्याच्या नजरेत असतो.

"दाखवतो," वसंता म्हणाला. कसं, ते त्यालाही माहीत नव्हतं.

कचरूच्या दुकानात ब्रॉडबँडचा डबा होता, बिनतारी चालणारा. पण त्याची पोच दुकानाच्या भिंतीपलीकडे ओट्यापर्यंतही धड नव्हती. वसंता औरंगाबादला गेला, दोन दुकानं पालथी घातली आणि एकमेकांकडे तोंड करून लावायचे, हवेतून चित्र पोचवणारे दोन डबे घेऊन आला. एक आबांच्या स्लॅबवर, दुसरा बागेतल्या विहिरीवरच्या खोलीच्या भिंतीला. खोलीच्या छपरावर कॅमेरा, तोही मान फिरवणारा. वीज तर दिवसातून बारा तास नसायचीच, म्हणून ट्रॅक्टरची जुनी बॅटरी खाली ठेवली. कचरूच्या दुकानातला जुना कॉम्प्युटर खाटेशेजारी स्टुलावर मांडला, आणि पौषाच्या आधीच एका दुपारी पडद्यावर बाग उभी राहिली. पिवळी पडत चाललेली, पानं गळालेली, पण पाचव्या ओळीपर्यंत स्पष्ट.

आबांनी माऊस दोन्ही हातांनी धरला. कॅमेऱ्याची मान वळवायला शिकायला त्यांना एक संध्याकाळ लागली. नंतर तो माऊस कुणाच्या हाती लागला नाही. त्यांच्या कारभारीण पुष्पाबाई जेवायचं ताट घेऊन उभ्या राहायच्या आणि आबा म्हणायचे, "थांब, सातव्या ओळीत जाऊन राह्यलो."

दिवसेंदिवस पानं गळत होती आणि चित्र आणखीच निवळत होतं. वसंता खूष. डबा भिंतीला बराच खाली लावला होता, थोडा वर घ्यावा असं एकदा त्याच्या मनात आलंही. पण चालतंय, तर कशाला हात लावायचा? संक्रांतीनंतर चौथ्या दिवशी आबांनी पडदा बारकाईने पाहिला, रखमाजीला फोन लावला आणि पाणी सोडायला सांगितलं.

त्यानंतर वीस दिवसांनी चित्र अडखळायला लागलं. आधी चौकडे पडायचे, मग थांबून राहायचं, मग नुसता काळा पडदा. वसंता धावत आला. बॅटरी बदलली, वायरींची टोकं कापून नवी जोडली, स्लॅबवरचा डबा इंचाइंचाने फिरवला. एक दिवस चाललं, पुन्हा बंद. तो दुसऱ्यांदा आला, तिसऱ्यांदा आला. पंचवीस वर्षांत त्याच्यावर अशी पाळी आली नव्हती. घरी जेवताना तो ताटाकडे नुसता बघत बसायचा. त्याची बायको चांगुणाबाई म्हणाली, "अहो, कॅमेराच हाय तो, कुणाचा जीव न्हाई." पण तिला जेसीबीचं माहीत नव्हतं. फुलं धरतायत की गळतायत, हे बघायचे हेच दिवस होते, आणि नेमक्या याच दिवसांत आबा आंधळे झाले होते.

कचरूने हात जोडले. "वसंतभाऊ, बास झालं. खेळणं होतं, मोडलं. आबांना उगा नादी लावू नका."

वसंताने मान खाली घातली आणि आबांच्या खाटेजवळ जाऊन बसला. माफी मागायची म्हणूनच आला होता तो. पण जुनी सवय. तोंडातून निघालं ते हेच, "आबा, चित्र कोणत्या दिवसापासून बिघडत गेलं, सांगा बरं. मला आडवं काय येतंय ते कळंना."

आबांनी दिवस मोजून सांगितले. पाणी सोडल्यावर अठरा-वीस दिवस चांगलं होतं. मग रोज थोडं थोडं गेलं. पाण्याची पाळी झाली त्या दिवशी जास्त गेलं. सांगता सांगता ते मध्येच थांबले. वसंताकडे पाहिलं. आणि खुब्याला हात लावून, दुखत असतानाही, खदाखदा हसायला लागले.

"अरे येड्या! पाला आला ना! आपण डबा लावला तवा झाडं उघडी होती. आता पालवलीत, फुटलीत. तुझं चित्र पाल्यात अडकलं."

वसंताने कपाळावर हात मारला. आयुष्यभर जो माणूस दुसऱ्यांना आडवं काय येतंय ते सांगत आला, त्याला तीनशे वीस झाडं दिसली नव्हती. आणि तीनशे वीस झाडं लावणाऱ्यालाही आपली झाडं पालवणार हे त्या चित्राशी जोडून पाहता आलं नव्हतं. पडल्यापासून आबा पहिल्यांदाच हसले होते. चित्र जितकं गेलं तितकी बाग आली होती, असा सरळ हिशेब होता, आणि तो आबांना डोळ्यांनी पाहिल्याइतका पुरला. नुसता पाला पुरेसा नव्हता, कळी बघायची होती. पण पाला आला होता, हे तर खरं.

"वीस फुटी पाइप घे," आबा म्हणाले. "झाडांच्या वर काढ. अन् कचरूला संगं ने. रखमाजीचा हात थरथरतो."

कचरू कुरकुरत निघाला. दुकानावर पोराला बसवून एक तास देतो म्हणाला, जास्त नाही. बागेत शिरताना मात्र तो जरा थबकला. वर्षभरात त्याने इकडे पाऊल टाकलं नव्हतं. सगळी बाग फुलली होती, आणि तो वास असा दाट होता की बोलायचं सुचू नये. मधमाश्यांचा आवाज ओळीओळीतून येत होता. कचरूने पायातल्या चपला खोलीपाशी काढल्या.

दोघांनी पाइप खोलीच्या भिंतीला उभा केला. वसंताने वर डबा बांधला, आबांना फोन लावून मोबाइल मोठ्या आवाजावर ठेवला आणि पाइप फिरवायला लागला. "आबा, आलं का?"

"न्हाई."

"आता?"

"बिलकुल न्हाई."

थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे. कचरू पाइप धरून कंटाळला. वसंताने आवळून घेतल्यावर त्याने हात सोडला आणि सहज पहिल्या ओळीत शिरला. एक फांदी ओढून पाहिली. पुढच्या झाडाखाली वाकला. वसंता पुन्हा विचारणार, तेवढ्यात त्याचं लक्ष छपराकडे गेलं. कॅमेऱ्याची मान हलत होती. कचरू दुसऱ्या ओळीत गेला, मान दुसऱ्या ओळीत गेली. कचरू झाडाआड झाला, मान थांबली, तो बाहेर आला तशी पुन्हा हळूच पुढे सरकली.

"आबा," वसंताने सावकाश विचारलं, "आलं का?"

"न्हाई रे," फोनमधून आवाज आला. "अजून न्हाई. फिरव तू. जल्दी करू नको."

मान हलतेय म्हणजे काय, ते वसंताला कळलं. चित्र आलेलं होतं, मघाच आलेलं होतं. बाप आपल्या बागेत आपल्या पोराला पाहत होता, आणि चित्र आलं म्हटलं की पोरगं दुकानाकडे निघणार होतं. वसंताने घट्ट बसलेला नट उगाचच सैल केला आणि पुन्हा आवळायला घेतला. "लागंल अजून टाइम, कचरूभाऊ," तो ओरडला. "आज काही खरं न्हाई माझं." आपल्या कामाला नाव ठेवायची वेळ त्याने स्वतःवर आणली, आणि त्याला त्याचं काही वाटलं नाही.

कचरू चौथ्या ओळीतून परत आला तेव्हा त्याच्या हाताला डिंक लागलेला होता. काहीतरी सांगायला त्याने मान वर केली, आणि छपरावरचा कॅमेरा आपल्याकडेच बघतोय हे त्याला दिसलं. तो डावीकडे दोन पावलं सरकला. कॅमेरा डावीकडे सरकला. त्याने वसंताकडे पाहिलं. वसंता नट आवळत होता, फार मन लावून.

कचरूने वसंताचा फोन हातात घेतला. "आबा, दिसून राह्यलं का काही?"

"न्हाई बाबा."

कचरूने कॅमेऱ्याकडे एकवार पाहिलं. मग फोन कानाला लावून तो पुन्हा ओळीत शिरला.

"मंग मीच सांगतो. ऐका. पहिल्या ओळीला कळी भरपूर हाय, खाली सडाच पडलाय, पण वर त्याहून जास्त धरलीय. दुसऱ्या ओळीत वाफा फुटलाय, रखमाजीला सांगून आत्ताच बांधून घेतो. चौथ्यातल्या तीन झाडांना डिंक्या लागलाय, खोडाला. उद्या मोरचूद अन् चुना आणतो, मीच लावतो." तो चालत होता, आणि त्याच्या मागून कॅमेरा चालत होता. शेवटच्या झाडापाशी तो थांबला. "आबा, त्या जेसीबीवाल्याला मी फोन करतो आज. येऊ नको म्हणून."

वसंताने पान्हा खाली ठेवला.

"आलं रे," आबा म्हणाले. "बराबर आलं."