कचऱ्याची पाठवणी

होडी दिसली की तो चपला काढायचा. मग ती किनाऱ्यावर उलटी पडलेली, भोकं पडलेली का असेना. हात लावून कपाळाला लावायचा आणि म्हणायचा, "काका, बदल बाहेरून येत नाही. तुमच्या संस्कृतीतूनच येतो." मी म्हणायचो, चप्पल घाल बाबा, काटा घुसेल. एकदा घुसलाच. तेव्हा संस्कृती नाही, आय आठवली.

असे लोक तुम्हीही पाहिले असतील. खादीचा कुर्ता, खांद्याला झोळी, अंधेरीत फ्लॅट. कुठल्याशा संस्थेने त्याला आमच्या वर्सोव्याच्या कोळीवाड्यात ओला-सुका कचरा वेगळा करायला धाडला होता. मी चौथीत शाळा सोडली, पण बोंबील आणि बाटली एका टोपलीत टाकायची नाही एवढं कळतं. त्याला वाटायचं, आम्हाला ते गाण्यातूनच कळेल.

म्हणून तो माझ्या थोरल्या बहिणीच्या मागे लागला. ती धवलारीन. आमच्यात हळदीला धवलारीन बसते आणि गाण्यातून एकेका देवाला, एकेका पूर्वजाला लग्नाचं आवतण देते. नवरा गेला, पोरबाळ नाही. वाड्यात तिला जो मान, तो या गळ्यावर. हा तिच्या ओट्यावर बसून चहा ढोसायचा आणि म्हणायचा, "मावशी, फक्त दोन ओळी." मावशी म्हटल्यावर ती विरघळली.

पुढच्या हळदीला तिने एकवीरेला बोलावलं, खंडोबाला बोलावलं, दर्याला बोलावलं. मग त्याच चालीत म्हणाली, ये रं ओल्या कचऱ्या, ये रं सुक्या कचऱ्या, दोघं वेगवेगले बसा. कोपऱ्यात हा एकटा टाळ्या पिटतोय.

नवऱ्याची आई उठली. "माझ्या पोराच्या लग्नात कचऱ्याला आवतण?"

बहिणीला तिथल्या तिथे उठवलं, दुसरीला बसवलं. ज्यांनी पुढच्या लग्नांची सुपारी दिली होती, त्यांनी सकाळी येऊन ती परत नेली. बहीण भिंतीकडे तोंड करून पडली. जेवेना, बोलेना.

मी त्याला गाठून जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. ऐकून तो सरळ नवऱ्याच्या आईच्या दारात गेला. चूक माझी, मावशीची नाही, म्हणाला. ती कसली ऐकते. म्हणाली, "पाहुणा तू बोलावलास ना? मग पाठवणीपण तूच कर."

तिने टोमणा मारला होता. या शहाण्याला तो हुकूम वाटला. लग्नाची जेवणं उठली तशी त्याने पत्रावळी, ग्लास, माशांचे काटे, सगळं एका टोपलीत भरलं आणि टोपली डोक्यावर घेतली. रश्श्याचं पाणी कानामागून कुर्त्यात उतरत होतं. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. कुणीतरी बँडवाल्याला म्हणालं, वाजव रं पाठवणीचं. तो वाजवायला लागला आणि हा रडायला लागला. खरंच. नवरीच्या आईने रडावं तसा, हुंदके देत, गल्लीच्या टोकाच्या कचरापेटीपर्यंत. मध्ये मध्ये एकच, "मावशीला बोलवा हो परत."

नवऱ्याची आई आधी खूप हसली. मग डोळे पुसत आत गेली.

तिच्या धाकट्याच्या हळदीला सुपारी माझ्या बहिणीलाच आली. अट एवढीच, आवतण देवांना, कचऱ्याची नुसती पाठवणी. टोपल्याही दोन ठेवल्या, ओल्याची बादलीत बसवलेली. त्याला वाटलं, संस्कृतीतून बदल आला. कसला बदल? ओलं डोक्यावर गळतं हे सगळ्या गल्लीने बघितलं होतं, एवढंच.

पुढे संस्थेने त्याला दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात पाठवलं. जाताना बहिणीच्या पाया पडला. माझ्याकडे आला नाही, बरंच केलं.

आता आमच्याकडे लग्नाला जेवणं उठली की बँड वाजतो आणि पोरं टोपली उचलायला पुढे होतात, नाचत नाचत नेतात. परवा गल्लीच्या तोंडाशी उभी राहून बहीण ते बघत होती.

"उचलणारे खूप हायत रे," ती म्हणाली. "रडणारा कोण नाय."

मी तिचा हात धरून तिला घरी आणलं.