खांदेमळण

दुखऱ्या खांद्याला लावायला आज तुपात हळद गरम केली आणि मखमलाबादच्या मळ्यातली पोळ्याच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ आठवली. वर्षभर जू वाहून निबर झालेले बैलांचे खांदे वडील हळद-तुपानं चोळत होते. मी ओट्यावर गृहपाठ करत होते : 'जबाबदारी खांद्यावर घेणे', वाक्यात उपयोग.

वाटीत थोडं तूप उरलं. आई म्हणाली, "सदरा काढा, तुमचेबी मळते."

"मी काय बैल हाय का?" म्हणत वडील बसले. फवारणीच्या पंपाच्या पट्ट्यांनी त्यांच्या खांद्यांवर घट्टे पडले होते. मी लगेच वडिलांवरच वाक्य लिहिलं.

टोमॅटोवर दुसरा पंप आई मारायची. तिचे खांदे कुणीच मळले नाहीत. मी तर तिथेच बसले होते.